स्टिरिओवरचं कुंकू

आमच्या मागच्या गॅलरीत सध्या चार अँप्लिफायर, दोन टेपडेक, फिरायला तयार नसलेला एक रेकॉर्ड प्लेअर आणि जोडीदार गमावलेला एक स्पीकर असा ऐवज आहे. यातलं काहीही वाजत नाही. वाजणारा स्टिरिओ एकच, तो बाहेरच्या खोलीत टीव्हीखालच्या कप्प्यात असतो, आणि तोही उजव्या बाजूनं नीट, डाव्या बाजूनं खरखरत. बायको गॅलरीला 'तुमचा दवाखाना' म्हणते. पूर्वी हसून म्हणायची. आता कपड्यांच्या दोरीपर्यंत पोचायला तिला एका अँप्लिफायरवर पाय द्यावा लागतो, त्यामुळे हसू जरा कमी झालंय.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. विजेशी माझा संबंध फ्यूज गेला की वायरमनला फोन करण्यापुरता. पन्नाशीत ब्लड प्रेशर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काहीतरी छंद लावून घ्या, डोकं शांत राहील. मी भंगारातले जुने स्टिरिओ आणून दुरुस्त करायला लागलो. प्रेशरची एक गोळी वाढली.

पण छंद हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण आईला माहीत होतं, मी तिला कधी बोललो नसलो तरी.

वडील कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर टर्नर होते. मी सातवीत असताना त्यांनी घरी स्टिरिओ आणला. रुपेरी अॅल्युमिनियमचं तोंड, खाली ओळीनं पाच बटणं, उजवीकडे कॅसेटचा कप्पा. आयुष्यभर मशीनच्या आवाजात काढल्यामुळे वडिलांचे कान बधिर झाले होते, म्हणून रविवारी तो स्टिरिओ अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. आतून आई ओरडे, "आवाज कमी करा." दोघांच्या संसारातलं निम्मं संभाषण तेवढंच. आईला गाण्याची आवड अजिबात नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वाचणाऱ्याच्या मनात भलतंच चित्र उभं राहायचं.

खंडेनवमीला वडील सकाळी वर्कशॉपात लेथची पूजा करून येत. तोवर आई घरातली हत्यारं मांडून ठेवी. पाटावर विळी, खुरपं, सायकलचा पंप, शेजारी शिलाई मशीन. स्टिरिओ आला त्या पहिल्याच वर्षी तिनं तोही पाटाशेजारी ओढला.

वडील म्हणाले, "हे काय हत्यार हाय व्हय?"

"राबतंय की दिसभर," आई म्हणाली. "तुमच्यापरीस जास्त."

आणि तिनं बोट ओलं करून आवाजाच्या बटणाखाली आधी हळद आणि तिच्या शेजारी कुंकू टेकवलं. ओलं हळदकुंकू अॅल्युमिनियमला खातं हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं! चार-पाच वर्षांत तिथं शेजारीशेजारी दोन ठिपके पडले, काळपट तांबूस, पुसून न जाणारे. मग आई दरवर्षी बरोबर त्याच ठिपक्यांवर बोट ठेवायला लागली.

मधल्या काळात ते आवाजाचं बटण तुटलं. तोडलं मी, नाव घेतलं मांजराचं. वडिलांनी वर्कशॉपात पितळेचं बटण कातून आणलं. इतर चारांपेक्षा जरा मोठं, कडेला बारीक खाचा. पाहुणे आले की वडील गाण्याआधी बटण दाखवत.

वडील गेले, आणि दीड वर्षानं मी तो स्टिरिओ 'जुना द्या, नवा न्या' म्हणणाऱ्या एका दुकानात देऊन होम थिएटर आणलं. आई तेव्हा आजऱ्याला मावशीकडे गेली होती. परत आली, हातातली काजूची पिशवी खाली ठेवली आणि खोलीभर बसलेल्या पाच काळ्या डब्यांकडे एकेक करून बघितलं.

"विचारायचं तरी," एवढंच म्हणाली.

ओरडली नाही. कोल्हापूरचं माणूस ओरडत असतं तोवर काळजी नसते. ओरडलं नाही की समजावं, प्रकरण खोल गेलंय.

त्या वर्षी खंडेनवमीला मी होम थिएटर पाटाजवळ मांडलं. आईनं विळीला कुंकू लावलं, मशीनला लावलं, माझ्या लेकीच्या कंपासपेटीतल्या कर्कटकालासुद्धा लावलं, आणि होम थिएटरच्या पुढून ताट तसंच पलीकडे नेलं. पुढल्या वर्षीही तेच. चौथ्या वर्षी ते होम थिएटर स्वतःहून बंद पडलं. नंतर घरात मिक्सर आला त्याला कुंकू लागलं, स्कूटरला लागलं, वायफायच्या डबीला लागलं. टीव्हीखाली पूर्वी स्टिरिओ असायचा त्या रिकाम्या कप्प्यापाशी मात्र ताट क्षणभर थांबायचं आणि पुढं जायचं. वीसेक वर्षं मी ते ताट तसं जाताना बघितलंय. तो कप्पा मला भरायचा होता. दुसऱ्या कशानं नव्हे, त्याच स्टिरिओनं.

उचगावच्या रस्त्याला एक भंगारवाले चाचा आहेत. पहिल्यांदा गेलतो तेव्हा त्यांनी विचारलं, "काय पाहिजे पावणं?"

"जुना स्टिरिओ."

"वाजणारा का न वाजणारा?"

"कुठलाही."

"मग बसा," चाचा म्हणाले. "असलं गिऱ्हाईक रोज येत न्हाय."

त्यानंतर किती खेपा झाल्या ते विचारू नका. चाचांचा फोन यायचा, "मास्तर, एक आलाय रुपेरी तोंडाचा." मी शाळा सुटली की स्कूटर तिकडं वळवायचो. तो नसायचा. पण इतक्या लांब आलोच आहे, आणि हाही बिचारा तसा बराच आहे, असं म्हणून मी दुसराच कुठला तरी सीटवर बांधून आणायचो. गॅलरीतला दवाखाना असा भरला. एकदा गडमुडशिंगीहून एक स्पीकर आणताना कंबरेत जी उसण भरली, ती अजून थंडीत आठवण काढते. शेवटी शेवटी मला कंटाळा आला होता, पण सोडून द्यायचाही कंटाळाच.

आणि गेल्या पावसाळ्यात तो दिसला. वॉशिंग मशीनच्या ड्रमखाली, तिरका, एका कानाला चेपलेला. तेच तोंड, तीच बटणांची ओळ. फक्त आवाजाच्या बटणाच्या जागी मिक्सरचं काळं बटण खोचलेलं. मी गुडघ्यावर बसून अंगठ्यानं धूळ पुसली. त्या बटणाखाली शेजारीशेजारी दोन ठिपके होते.

"चाचा, हा माझा आहे."

"तुमचाच की. न्यायला कोण नको म्हणतंय?"

"तसं नव्हे, आमच्या घरातला. हे कुंकू बघा."

चाचांनी चष्मा कपाळावर नेऊन बघितलं. "मास्तर, कोल्हापुरात कुंकू न्हाय असली एक मशीन दाखवा मला. ह्यो माझा वजनकाटा बघा. हमाल लावत्यात दरवर्षी. मी कशाला नको म्हणू? काटा खूश, हमाल खूश."

"आणि इथं पितळेचं बटण होतं."

"पितळ कोण ठेवतंय व्हय अंगावर? आधी तेच उपसत्यात."

तरी माझी खात्री होती. ठिपके त्याच जागी होते, तेवढेच होते.

दुरुस्तीला महिना लागला. कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा वितळून त्याची काकवी झाली होती. ती मी कानकोरण्यानं काढली. फुगलेले कपॅसिटर बदलले. जुना स्टिरिओ एकदम प्लगला लावायचा नसतो, हे मला चाचांनीच शिकवलं. मध्ये शंभरचा बल्ब जोडायचा. आत कुठं शॉर्ट असला तर बल्ब भगभगीत पेटतो आणि स्टिरिओ वाचतो. ठीक असला तर बल्ब एकदा डोळा उघडून मंद होतो. पहिल्या रविवारी बल्ब भगभगीत पेटला. दुसऱ्या रविवारीही. बायको भाजी निवडत बघत होती. म्हणाली, "बल्ब तरी चांगला दुरुस्त केलाय तुम्ही." तिसऱ्या रविवारी तो पेटला, आणि हळूहळू मिटत गेला. मी इतका दमलो होतो की आनंदाच्या आधी मला झोप आली.

आता फक्त आईला दाखवायचं होतं. आणि दाखवायचं म्हणजे कसं, नव्यासारखं दिसायला पाहिजे! मी स्वयंपाकघरातून तांब्यापितळेची भांडी घासायची पावडर घेतली आणि ते तोंड घासायला बसलो.

"देवाच्या भांड्यांना कधी एवढा हात लावला नाही," बायको म्हणाली.

मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. चित्रकलेचा मास्तर, चकाकी आणणं हे एकच काम मला खरं येत होतं. गंज गेला, तेलकटपणा गेला, कुणीतरी पेननं काढलेली रेघ गेली. सगळ्यात चिवट निघाले ते दोन डाग. तासभर घासल्यावर तेही गेले, तेव्हा मी बायकोला हाक मारून मुद्दाम दाखवलं, बघ, कुठं होते ते सांग.

ज्या दोन ठिपक्यांवरून मी तो ओळखला, तेच मी घासून काढले. असला प्रकार करायला निदान पंचवीस वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो.

आई आता ऐंशीच्या घरात आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ती करू देत नाही. बघायचं ते बोटांनी बघते. मी स्टिरिओ तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणालो, "ओळख बघू."

तिनं वरून हात फिरवला. कॅसेटचा कप्पा चाचपला. बटणं मोजली. आवाजाच्या बटणावर थबकली, मग बोट खाली नेऊन तिथंच गोल फिरवत राहिली.

"डाग कुठाय?"

"कसला?" मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

"कुंकवाचा."

"घासला."

"घासला?"

"चांगला दिसावा म्हणून."

"आन् तुझ्या बाबांचं बटण?"

"पितळेचं होतं ना. कुणीतरी काढून घेतलं."

आईनं हात मांडीवर परत नेला. "म्हंजे बटण न्हाय, डाग न्हाय. मग आपला कशावरनं?"

बायको मदतीला आली. आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते. "आत्या, होते डाग. मी बघितलेत माझ्या डोळ्यांनी."

"तू त्याचीच बायको," आई म्हणाली. "तू म्हणणारच." आणि दोन क्षणांनी, अगदी सहज, "आपला न्हवं त्यो."

फोटो काढून ठेवला असता तर! लेक एरवी ताटातल्या भाकरीचाही फोटो काढते. पण तेव्हा कुणाला सुचलं नाही. आणि गंमत म्हणजे दोन दिवसांत माझीच खात्री पातळ व्हायला लागली. ठिपके तेवढेच होते का? की जरा वर होते? वजनकाट्यालाही असतात म्हणे. मी पुन्हा चाचांकडं गेलो, त्या बटणाचा काही माग लागतो का बघायला.

चाचांनी माझ्याकडं दुखणाइताकडं बघावं तसं बघितलं. "मास्तर, त्या पितळेची आतापर्यंत कुणाच्या तरी देवघरात समई झाली असंल. बसा, च्या घ्या."

मी बसलो, चहा घेतला, आणि बराच वेळ उठलोच नाही. उठून जायचं कुठं, तर घरी.

नवरात्र बसलं. आईनं सुनेकडून देवीसाठी कडाकण्या तळून घेतल्या. खंडेनवमीच्या सकाळी मी विळी, खुरपं, स्कूटरची चावी पाटावर मांडली. स्टिरिओ गॅलरीतच राहू दिला. पुन्हा एकदा ते ताट त्याच्यापुढून जाताना बघायचं त्राण माझ्यात नव्हतं.

आई ताट घेऊन आली. विळीला लावलं, मशीनला लावलं. मग म्हणाली, "त्यो कुठाय?"

"कोण?"

"तुझा त्यो. घासलेला."

मी कंबर धरत तो उचलून आणला. तिनं बोट ओलं केलं, चाचपत मिक्सरच्या बटणापर्यंत आली, आणि त्याच्या खाली हळद टेकवली. शेजारी कुंकू. वीस वर्षांत हाताची जागा चुकली नव्हती.

मला राहवलं नाही. "म्हणजे आपलाच की."

"आपला न्हवं म्हटलं न्हवं एकदा?" ती म्हणाली. "पर राबतोय न्हवं?"

"उजव्या बाजूनं राबतोय."

"मग हत्यारच की. लावत जाऊ दरसाल. पडंल डाग."

डाग पडायला चार-पाच वर्षं लागतात. आईचं बोट जरा जास्तच ओलं झालं होतं. कुंकवाचा एक ओघळ बटणाकडं सरकला आणि त्याच्या फटीत उतरायला लागला. त्या फटीच्या आत आवाज कमी-जास्त करणारी पट्टी असते, ती मी तीन वेळा साफ केली होती. पाणी आत गेलं की डाव्या बाजूची खरखर आता जन्मात जाणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. माझा हात आपोआप फडक्याकडं गेला.

आईनं हातावर फटका मारला. "पुसायचं न्हाय."

मी फडकं खिशात घातलं आणि ओघळ आत जाताना बघत बसलो.