खोब्रागडे मॅडमचा केल्पी

खोब्रागडे मॅडमना कुणी अडचण सांगितली की त्या चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारायच्या, "मंग? तू काय करून राह्यला?" माझी गाडी सुरू होत नव्हती तेव्हा हेच, ऑफिसात साहेबांशी वाजलं तेव्हाही हेच. सल्ला त्यांनी कधी कुणाला दिला नाही.

उटनूरच्या सरकारी शाळेत त्या इंग्रजी शिकवत. एका सुट्टीत हैदराबादला भाच्याकडे राहिल्या आणि त्याच्याकडून एक खेळ शिकून आल्या. एकाने गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासे ठरवणार. रविवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर आम्ही तिघं जमू लागलो: मी, किराणा दुकानवाला देविदास आणि दवाखान्यातली नर्स संगीता. देविदास दिसेल त्याच्यावर तलवार चालवायचा. एकदा वाट विचारणाऱ्या म्हातारीलाच त्याने कापलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तिच्याजवळ खजिन्याचा नकाशा होता बापा."

एका रविवारी त्यांनी पाण्यातला घोडा आणला. देविदास म्हणाला, पाणघोडा काय, प्राणिसंग्रहालयात पाहिलाय, नुसता जबडा. तेव्हापासून मॅडम त्या घोड्याला मूळ नावाने केल्पी म्हणू लागल्या. हा स्कॉटलंडच्या जुन्या लोककथांतला. नदीकाठी आधी एक देखणा तरुण भेटला, गोड बोलला. मग त्याचाच काळाभोर घोडा झाला आणि पाठ वाकवून उभा राहिला. संगीताची योद्धी वर बसली. बसल्याबरोबर तिचं चिलखत त्याच्या कातडीला चिकटलं आणि घोडा डोहाकडे सुटला.

देविदासने तलवार मारली, तीही चिकटली. माझा मंत्र फुकट गेला. घोडा छातीभर पाण्यात शिरला, तेव्हा मॅडमनी चष्मा वर सरकवला. "मंग संगीता? तू काय करून राह्यली?"

संगीताने विचारलं, नेमकं काय चिकटलंय, मी की चिलखत? मॅडम म्हणाल्या, चिलखत. ते तिने कितीतरी रविवार खेळून मिळवलं होतं; देविदास ओरडला की असं पुन्हा मिळणार नाही. संगीताने फासा हातात घेतला.

"राहू द्या ते त्याच्या पाठीवर," ती म्हणाली. "पट्टे सोडले. मी उतरली."

फासा चांगला पडला. केल्पी रिकामं चिलखत घेऊन बुडाला. आम्ही चहा घेतला आणि घरी गेलो.

त्याच आठवड्यात संगीताने लग्न मोडलं. साखरपुडा झालेला, पत्रिका वाटलेल्या. मुलगा वांकिडीचा. आधी नोकरीचं कौतुक करणारा. साखरपुड्यानंतर फोनवर नोकरी सोड म्हणू लागला, मग मैत्रिणी सोड म्हणू लागला. यातलं आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. मॅडमनाही नव्हतं.

तिचे वडील तुळशीरामकाका पुढच्या रविवारी मॅडमच्या दारात उभे राहिले. साधा भाजी पिकवणारा शेतकरी माणूस, पण रागाच्या भरात आला होता. आम्हाला वाटलं, आता खेळ संपला.

"माह्या पोरीले तुमी काय शिकवलं?"

"मी फक्त घोडा सांगितला, दादा," मॅडम म्हणाल्या. "उतरली ती."

काकांना यातलं अक्षर कळलं नाही. मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मुलाबद्दल एक शब्द काढला नाही. काका खाली बघून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, तिनं आधी मले काऊन नाही सांगितलं? संगीता आतल्या दाराशी उभी होती, तीच म्हणाली, "तुमी कधी विचारलं नाही, बाबा." काका उठले, तिच्यासोबत चालत घरी गेले.

नंतर संगीताची बदली बेज्जूरला झाली, आणि गेल्या जूनमध्ये मॅडम निवृत्त होऊन बहिणीकडे चंद्रपूरला निघाल्या. आम्ही बसस्टँडवर पोचवायला गेलो, तुळशीरामकाकाही आले. त्यांची पेटी काकांनी कुणालाही उचलू दिली नाही. बसमध्ये ठेवून खाली उतरले आणि खिडकीपाशी घुटमळले.

"ताई, पोरगी तुमाले फोन करते, मले मालूम हाय," ते म्हणाले. "काय बोलते ते नका सांगू. बरी हाय, येवढंच कळवत जा."

मॅडमनी चष्मा कपाळावर नेला, पण या वेळी काहीच विचारलं नाही. हात बाहेर काढून त्यांनी काकांच्या खांद्यावर ठेवला, आणि बस सुटेपर्यंत तो तिथंच होता.