त्याच्याकडे उरलेला शब्द

माझ्या नवऱ्याला लकवा झाला तेव्हा तो खांडबाऱ्याच्या बाजारात कोंबड्याचा भाव करत होता. "एवढ्या बारक्या कोंबड्याचे एवढे..." इतकं बोलला आणि वाक्य अर्धंच राहिलं. मला वाटलं, विकणाऱ्याला नमवायला मुद्दाम गप्प बसलाय. मग त्याचं तोंड एका बाजूला ओघळलं आणि तो माझ्या अंगावर कलंडला. हातातला कोंबडा सुटला. लोक आधी कोंबड्यामागे धावले. त्याचा राग मला अजून आहे.

नंदुरबारच्या दवाखान्यातून त्याला घरी आणलं तेव्हा उजवा हात लोंबकळत होता, उजवा पाय फरफटत होता आणि तोंडात एकच शब्द उरला होता. नाय.

आमच्या गावात बोलायचं काम असलं की त्यालाच बोलवायचे. सोयरीक जुळवायला तो, भांडण मिटवायला तो, पाळक आले नाहीत तर रविवारी चर्चमध्ये प्रार्थना चालवायला तोच. घरी आम्ही आमची आदिवासी कोकणी बोलतो, पण प्रार्थना तो शाळेतल्या मराठीत करायचा, आणि लांबलचक. जेवणाआधीचीसुद्धा. मी डोळे मिटून मनात म्हणायचे, देवा, याला आवर. आता देवाने आवरलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं, "त्यांना सगळं कळतं. फक्त शब्द सापडत नाहीत. 'नाय' म्हणाले म्हणजे नकोच, असं धरू नका. चेहऱ्याकडे बघा."

त्यांना सांगायला काय जातं! भाताची लावणी तोंडावर, दोन म्हशी, अंगणवाडीची नोकरी, आणि मी याच्या चेहऱ्याकडे बघत बसू? "चहा घेतोस?" "नाय." मी कप उचलला की डाव्या हाताने ताटली आपटायचा. "मग हवाय का?" "नाय!" कप पुढे ठेवला की पिऊन टाकायचा. असं दिवसभर. पाणी, परसाकड, सदरा, सगळं नायमधून ओळखायचं. एकदा मीच कप आपटला. नंतर तुकडे गोळा करताना आणखी चिडले, कारण तेही मलाच करायचं होतं.

भेटायला येणारे तर विचारूच नका. जो तो ओट्यावर बसायचा, चहा प्यायचा आणि जाताना म्हणायचा, "देवावर भरवसा ठेव, बाई." म्हशीला चारा घालून जातो, असं एकानेही म्हटलं नाही. माझी नणंद तर विचारून गेली, "वहिनी, घरात काही पाप घडलं होतं का?" मी म्हटलं, "घडलं. तुम्हाला चहा दिला."

महिन्याभराने त्याला चर्चला नेलं. त्यालाच जायचं होतं. रविवारी सकाळपासून काठी घेऊन दारात उभा होता. पाळकांना आनंद झाला. त्यांनी त्याला पुढे बसवलं, खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊ, एवढं संकट आलं, तरी प्रभूवर तुमचा विश्वास आहे ना?"

"नाय," तो म्हणाला.

पाळकांना वाटलं, याला नीट ऐकू आलं नसेल. त्यांनी मोठ्याने परत विचारलं. "नाय. नाय, नाय, नाय!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, डावा हात छातीवर आपटत होता. चेहऱ्याकडे बघणाऱ्याला सगळं कळलं असतं. पण बघतंय कोण? बायका कुजबुजायला लागल्या. नणंद उठून म्हणाली, "याच्या तोंडून दुसरंच कोणी बोलतंय." पाळक म्हणाले, "आपण यांच्या विश्वासासाठी तीन दिवस उपास करू."

मी उभी राहिले. चर्चमध्ये मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"पाळकसाहेब, हा चहालापण नायच म्हणतो. तुम्हाला हवा तो शब्द निघत नाही म्हणून याचा विश्वास गेला? उपासच करायचा तर माझ्या घरी येऊन करा, तेवढ्या वेळात लावणी तरी होईल."

त्याला काखेत धरून बाहेर काढलं. घरी आल्यावर मीच ओरडले, "देवाने एक शब्द ठेवला तुला, तोही हा? होय ठेवला असता तर काय बिघडलं असतं त्याचं?" तो खाली बघत राहिला. मला माझीच लाज वाटली आणि रागही गेला नाही.

त्या दिवसापासून मी प्रार्थना सोडली. पण तो जेवायला बसला की डाव्या हाताने उजवा हात उचलायचा, तळव्याला तळवा लावायचा आणि माझ्याकडे बघत थांबायचा. आता मी बोलावं, असं त्याला वाटत होतं. मी मुकाट्याने जेवायला लागायचे. तो थांबून राहायचा, मग गार झालेलं खायचा. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी ताट सरकवलं आणि कोकणीतच बोलले, "देवा, ऐक. मी तुझ्यावर रागावलेय. माझी कंबर मोडलीय. याचं तोंड बंद केलंस आणि गावाची तोंडं उघडी ठेवलीस. मला यातलं काही समजत नाही. पण बोलायला दुसरं कोण आहे मला? जे करायचं ते लवकर कर."

तो म्हणाला, "नाय." आमेनच्या जागी, आमेनच्या सुरात.

मला हसू फुटलं. तोही वाकड्या तोंडाने हसला. मग दोघंही रडलो आणि जेवलो.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. पाळक नंतर आले. माफी मागितली नाही, पण पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दिवसभर लावणीला राबले. त्यांच्यावरचा माझा राग निम्मा उतरला. नणंदेवरचा उतरलेला नाही. माझी प्रार्थना अजून तक्रारीचीच असते. पूर्वी देवाला आवडेल असं बोलावं लागतं, असं मला वाटायचं. आता जे आहे ते सांगते. तो ऐकतो, एवढं धरून चालते. बरं करेल की नाही, ते त्याने मला कळवलेलं नाही.

नवऱ्याचे पंधरा-वीस शब्द परत आलेत. आमेन त्यांत नाही, देवही नाही. यंदा तो बांधावर बसून माझी लावणी बघत होता. मी चार ओळी लावून कंबर सरळ केली, तेवढ्यात तो काठीने माझ्या ओळींकडे दाखवत स्पष्ट म्हणाला, "वाकडं."

नवाच शब्द होता. आनंद व्हायला हवा होता. मी चिखलातूनच ओरडले, "मग ये आणि तूच लाव!"

तो खरंच उठला, आणि काठी टेकत टेकत चिखलात उतरायला लागला.