मी तिला रानतुळस म्हटलं

आश्विनातल्या एका रविवारी बाबा गाई घेऊन रेल्वेरुळाकडे गेले आणि घरी आले नाहीत.

आमचं गाव मोर्शीकडे. गावामागे ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईची जमीन, आणि तिच्या टोकाला रूळ. बाबांच्या पाचही गाई त्याच गवतावर वाढल्या. मी अमरावतीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. सुटीत घरी आले की बाबा मला काहीतरी ओळखायला लावायचे. कधी पक्ष्याचं पीस, कधी दगड. एका वर्षी त्यांनी नाल्याकाठचं झुडूप दाखवलं. चौकोनी खोड, बारीक जांभळी फुलं, पान चुरगाळलं की उग्र वास. अशी पाच-सातच झुडपं होती. मी पुस्तक उघडून सांगितलं, रानतुळस. तिचं बी पाण्यात टाकून दाखवलं, ते सब्जासारखं फुगलं. बाबा खूश झाले. ही वनस्पती बाहेरच्या देशातून आली आणि कुरणं बळकावते, असं त्याच पानावर खाली लिहिलं होतं. ते मी वाचलं, पण मोठ्यानं वाचलं नाही.

शेजारच्या काकू तिथंच शेळ्या चारायच्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, शेळी जिले तोंड लावत नाई, ते कायची तुळस? आताच उपटून फेका."

"नावातच तुळस हाय," बाबा म्हणाले. "पोरगी पुस्तकात पाहून सांगते. उपटू कसा?"

मग सांजवात लावा तिच्यापुढं, असं काकूंनी सुनावलं. बाबा हसले, पण त्या दिवसापासून झुडपांना वळसा घालूनच जाऊ लागले.

बोंडं वाळली की बी गाईंच्या शेपटीला आणि आमच्या कपड्यांना चिकटून पुढं जायचं. पावसात भिजलं की जिथं पडेल तिथं धरून बसायचं. पुढच्या पावसाळ्यात रानतुळशीनं नाल्याची एक बाजू व्यापली, त्याच्या पुढच्यात दुसरी. तिच्या सावलीत पवन्याचं गवत पिवळं पडलं, मग दिसेनासं झालं. गाई तोंड लावायच्या नाहीत. दूध आटलं, बरगड्या दिसू लागल्या. चौथ्या वर्षी रानतुळस बाबांच्या डोक्यापेक्षा उंच झाली. हिरवं गवत उरलं ते फक्त रुळाच्या कडेला.

त्या रविवारी सकाळी गाई सोडताना बाबांनी विचारलं, "माय, तुळस अशी रायते का वं?"

मी म्हटलं, "ती तुळस नाही, बाबा. नुसतं नाव आहे."

त्यांनी हातातलं दावं खुंटीला अडकवलं. उद्यापासून विळा घेऊन येतो म्हणाले, आणि निघाले.

मी डबा घेऊन मागून गेले. रानतुळशीतून एक माणूस जाईल एवढीच वाट होती. दोन्ही बाजूंना झाडोरा, रूळ दिसत नव्हता. पुढं गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. वळणावर गाडीचा भोंगा झाला. मी हाक मारली, बाबा, थांबा. घंटा विखुरल्या. एक आवाज रुळाकडे गेला आणि त्याच्यामागे शेंडे हलत गेले. तांबडी गाय पुढं गेली असावी. बाबा तिला वळवायला गेले. मी पळत होते, बोंडं हातांना ओरबाडत होती, आणि शेंड्यांपलीकडे मला काही दिसत नव्हतं. त्यांनाही दिसलं नसेल. गाडी गेली. शेंडे हलायचे थांबले. मग चार गाई त्या वाटेनं माझ्याकडे आल्या. तांबडी आली नाही.

आता पावसाळ्यात मी सुटीला आले की काकू आणि मी रानतुळस उपटतो, फुलं यायच्या आधी, मुळासकट. काकू मला पुस्तकातल्या त्या पानाबद्दल काही विचारत नाहीत. त्यांना ते मी सांगितलं आहे.

नाल्यापासून रुळापर्यंतचा एक पट्टा मोकळा झाला आहे. तिथं उभं राहिलं की येणारी गाडी दिसते. पवन्या अजून उगवलेला नाही. चाऱ्याअभावी दोन गाई विकल्या, गोठ्यात दोन आहेत. बाकीच्या ई-क्लासवर रानतुळस आहे.