सगळ्यात थंड घर

आरोग्य केंद्रातल्या ताईंना वस्तीत 'पाणीबाई' म्हणत. उन्हाळा लागला की दारोदार "पाणी प्या, पाणी प्या" हा त्यांचा धोशा सुरू. स्वतः मात्र दुपारपर्यंत घोटभरही घेत नसत, कारण फेरीच्या वाटेवर बाईमाणसाला जाण्याजोगा एकही संडास नव्हता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ताईंना हे कळत नव्हतं थोडंच? पण करता काय.

त्यातच यंदा आणखी एक काम गळ्यात पडलं. घरं किती तापतात आणि त्यापायी माणसं किती आजारी पडतात, हे वरच्या ऑफिसला मोजायचं होतं. ताईंनी घरोघरी पत्र्याखाली तापमान मोजणारं काडेपेटीएवढं यंत्र टांगलं. आकडे परस्पर ऑफिसात जात. जी घरं सर्वांत जास्त तापतील, त्यांच्या पत्र्यांना ऊन परतवणारा पांढरा रंग फुकट मिळणार होता.

ताईंचा जीव अडकला होता तो गल्लीच्या टोकाच्या घरात. तिथले आजोबा जन्मभर बेकरीच्या भट्टीपुढे राबलेले. "मी भट्टी सोडली, तर ती पत्ता काढत घरी आली," असं म्हणून हसायचे. आता हसणं संपलं होतं. मूत्रपिंडं अधू, अंथरूण धरलेलं. हा उन्हाळा असाच पत्र्याखाली काढला तर धडगत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

रंगासाठी घरं ठरली, त्यांत हे नव्हतं. आकड्यांप्रमाणे ते वस्तीतलं सगळ्यात थंड घर होतं.

ताई तडक तिथे गेल्या. उंबरा ओलांडताच अंगाची लाही लाही झाली. यंत्र पत्र्याखाली नव्हतंच. आजींनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ओल्या फडक्यात गुंडाळून माठामागे ठेवलं होतं.

"आजी, हे काय केलंत?"

"तूच म्हणालीस ना बाई, महागाचं आहे, जिवापाड जपा. वर तापून बिघडलं असतं. सुकलं की फडकं पुन्हा भिजवते."

ताईंना हसावं की रडावं कळेना. जपा म्हणून सांगितलं, पण ते तापलं तरच तुमचा फायदा, हे सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी उन्हाने बोलायचं त्राणच उरलं नव्हतं.

त्यांनी वरच्या ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला. साहेब तसा भला माणूस. म्हणाला, "ताई, पुन्हा महिनाभर मोजावं लागेल. तोवर रंग संपलेला असेल. पुढच्या वर्षी पहिलं घर हेच धरू."

"मग रंग कधी लावणार?" आजींनी विचारलं.

खोटं बोलायचंही बळ ताईंच्या अंगात नव्हतं. "पुढच्या उन्हाळ्यात, आजी."

आजींनी खाटेकडे पाहिलं. आजोबा डोळे मिटून धापा टाकत होते.

"बरं," त्या म्हणाल्या, "सांगते ह्यांना, तेवढं थांबा म्हणून."