मामंजींसमोर घेतलेली सुई

अमडापुरात माझ्या सासऱ्यांचा मोठा दरारा होता. आम्ही सुना त्यांना मामंजी म्हणायचो, तेही आपसांतच. त्यांच्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, अशी घरची रीत. लग्नाला दोन वर्षं झाली तरी मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. माहेरी मात्र मला गप्प करताना सगळ्यांच्या नाकी नऊ यायचे.

एकदा ज्वारीचं धसकट पायात घुसलं आणि पाय टम्म सुजला. घरचे सगळे कापूस वेचायला गेलेले, म्हणून मामंजींनीच बैल जुंपले आणि मला दमणीत घालून बाजारातल्या डॉक्टरांकडे नेलं. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले, आणि पेनिसिलीन आमच्याकडे नवंनवं आलं होतं. त्या सुईचं लोकांना भारी कौतुक.

"ही सुई आधी घेतली होती का? काही त्रास झाला होता?" डॉक्टरांनी मला विचारलं.

झाला होता. माहेरी, उंद्रीला, याच सुईनं अंगभर पित्त उठलं होतं, ओठ सुजले होते. पण मामंजी समोर उभे! मी पदर पुढे ओढला.

"नाही जी, पोरगी खणखणीत हाये," मामंजींनी परस्पर सांगून टाकलं.

सुई टोचली आणि थोड्याच वेळात माझा घसा आवळला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी कोसळले. उताऱ्याची दुसरी सुई भरता भरता डॉक्टर ओरडले, "पाय वर धरा हिचे!"

खोलीत दुसरं होतं कोण? मामंजींनी सुनेचे दोन्ही पाय उचलून छातीशी धरले. "बोल वं माय, काहीतरी बोल!" ते रडत होते. मला ऐकू येत होतं, पण जीभ सुजून तोंडात मावत नव्हती.

हळूहळू श्वास मोकळा झाला. डॉक्टर हात धुवायला गेले तेव्हा मामंजींनी विचारलं, "तुले मालूम होतं?"

मी मान डोलावली.

"मंग काऊन नाही सांगतलं?"

"तुमी होते ना, मामंजी."

ते मटकन खाली बसले.

पुढे कितीतरी वर्षं संध्याकाळी मी तुरीच्या शेंगा सोलत त्यांच्याजवळ बसायची आणि तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. ते कंटाळत, जांभया देत. पण मरेपर्यंत त्यांनी मला एकदाही गप्प बस म्हटलं नाही.