जासईची ओळ

आमच्या पनवेलच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या वेबसाइटवरचा भाड्याचा फॉर्म मंगळवारी दुपारी नव्याने लिहून झाला. गाव निवडलं की तो कंटेनरचं भाडं सांगतो. जुना कोड माझा होता. एका गावाचा तुकडा कॉपी करून मी पुढच्या गावाला चिकटवत गेलो होतो. आठवड्यातून एकदा येणाऱ्या प्रोग्रॅमरने सगळी गावं एका तक्त्यात घातली आणि हिशोब एकदाच लिहिला.

तो खुर्चीवर मांडी घालून, ओठ हलवत कोड वाचतो. तेच पुन्हा आलं की म्हणतो, "हे झालं की वाचून." जुना कोड मात्र लगेच पुसत नाही. आधी प्रत्येक गावाचं जुनं आणि नवं भाडं कागदावर शेजारी लिहून टिक करतो.

जासईला टिक झाली नाही. तिथे मी मोरा या लांबच्या गावाचं चिकटवलेलं अंतर बदलायचं विसरलो होतो. जासईचं गिऱ्हाईक जास्त भाडं देत होतं.

मालकांनी विचारलं, "जुन्यात काय चूक नाय ना?"

प्रोग्रॅमरने कागद माझ्याकडे सरकवला. "तुम्ही सांगा. तोवर मी पुसत नाही."

मी सांगितलं.

मालक म्हणाले, "मग जासईला फोन कोन लावनार, मी?"

फोन मी लावला. मी तो ठेवल्यावर प्रोग्रॅमरने जुना कोड पुसला.