उरलपूर कुठे आहे?

नोटीस आली तेव्हा मावशी दुधी सोलत होती. बसच्या आगारासमोरच्या त्या खानावळीत तिला सगळेच मावशी म्हणत, तिच्याहून वयाने मोठे ड्रायव्हरसुद्धा, तेव्हा आपणही तेच म्हणू. टपालवाल्याने कागदावर सही घेतली आणि पाणीही न मागता काढता पाय घेतला. एरवी हा बाबा पाण्याच्या निमित्ताने अर्धा तास ठाण मांडायचा. मावशीने दुधी बाजूला ठेवला.

तिची शाळा दुसरीतच सुटलेली. अक्षरं ओळखायची, पण एकेक हाताला धरून आणावं तशी. म्हणून नणंदेला हाक मारली. नणंद चष्मा पुसत आली आणि तिने वाचलं :

"आपल्या फलकावरील 'उरलपुरी भाजी' या पदार्थाचे मूळ ठिकाण कोणते, याचा खुलासा गुरुवारी सकाळी तपासनिसांसमोर करावा. नाव फसवे आढळल्यास परवाना रद्द करण्यात येईल."

"पुन्हा वाचा, वन्सं."

"कितीही वाचलं तरी तेच लिहिलंय, वहिनी."

परवाना गेला की खानावळ गेली, आणि खानावळीच्या मागची खोलीही, कारण ती त्याच परवान्याच्या कागदावर होती. एक खाट, एक ट्रंक, दोन बायका. जायचं कुठे?

आता हे उरलपूर आलं कुठून, ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी रंगारी बाहेर शिडीवर चढून फलक रंगवत होता. दोन पदार्थ लिहून झाले आणि तो ओरडला, "मावशी, तिसरं काय लिहू?" मावशी आत पातेल्यात वाकलेली. सकाळी चिरलेल्या भाज्यांचे तुकडे राहिले होते, फ्लॉवरचे दांडे, अर्धा दुधी, मूठभर वाटाणे. ते तिने वाटण लावून शिजवले होते. पलीकडून नणंद विचारत होती की शेवटच्या टेबलाला काय वाढू. मावशीने नणंदेला ओरडून सांगितलं, "उरलं, पुरवा!"

म्हणजे जे उरलंय ते पुरवून वाढा. पण रंगाऱ्याच्या कानावर फेटा होता की कानात रंग, कोण जाणे. त्याने लालभडक अक्षरांत लिहिलं : उरलपुरी भाजी. शिवाय खाली एक मिरचीही काढली, कुणी न सांगता.

मावशी बाहेर येईपर्यंत रंग वाळला होता. "नाव झकास आहे," रंगारी म्हणाला, "कुठे आलं हे गाव?"

पुन्हा रंगवायचं म्हणजे पुन्हा त्याची मनधरणी. मावशीने हात हवेत फिरवला. "आहे तिकडे."

बस, एवढंच तिचं पाप. पण भाजी खपायला लागली. ड्रायव्हर मंडळी गावोगाव फिरलेली, त्यांना ठाऊक नाही असं गाव असणं म्हणजे नाक कापल्यासारखं. एकाने छातीठोक सांगितलं, "मी मुक्काम केलाय तिथे. तिकडे यात शेंगदाणे घालतात." दुसरा म्हणाला, "वरच्या उरलपुरात घालतात. खालच्यात नाही." मावशी तोंडाला हात लावून चुलीकडे वळायची.

मग एक दिवस एक गृहस्थ जेवून उठला तो तडक आगाराच्या चौकशीच्या खिडकीशी गेला आणि उरलपूरची गाडी कधी सुटते म्हणून विचारू लागला. अस्सल भाजी खायची होती त्याला. खिडकीतल्या कारकुनाने सगळी वेळापत्रकं उलटीपालटी केली. गाव नाही. गृहस्थ चिडला, आणि त्याने परवान्याच्या कचेरीत तक्रारअर्ज ठोकला.

नोटिशीपासून मावशीचा जीव थाऱ्यावर नव्हता. वरणात दोनदा मीठ पडलं. कुणी पाकीट घेऊन दारात दिसलं की ती मागच्या खोलीत शिरायची.

"सांग की, आईचं माहेर आहे म्हणून," नणंद म्हणाली.

"आईचं माहेर कागदावर सापडतं, वन्सं."

"मग खरं ते सांगून मोकळी हो."

"खरं काय सांगू? उरलेलं वाढते म्हणून? खोटं नाव म्हणून पुढेमागे टाळं लागायचं, ते त्याच दिवशी लावतील."

"अगं, पण शिळं थोडंच असतं?"

"हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. उरलेलं म्हटल्यावर पुढचं ऐकायला थांबतंय कोण?"

 नणंदेने लसूण सोलायला घेतला, आणि सोललेला सालांच्या ढिगात टाकत राहिली.

गुरुवारी तपासनीस आला तो अगदी सकाळी, खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या तेव्हा. किडकिडीत माणूस, खांद्याला पिशवी. बोलणं इतकं नम्र की मावशी आणखीच धास्तावली. ओरडणाऱ्या माणसाशी निदान ओरडता तरी येतं. त्याने एक जाडजूड वही काढली. "यात सगळी गावं आहेत, बाई. मी दोनदा पाहिलं. उरलपूर कुठे आहे?"

"हिच्या आजोळी!" नणंद मागून ओरडली.

"आजोळ कुठलं?"

नणंद चष्मा पुसायला लागली.

 खोटं रेटायचं तर आता आजोळही घडवावं लागणार, आजोबा घडवावे लागणार, आणि हा माणूस त्या सगळ्यांना वहीत शोधणार. मावशीच्याने ते होईना. "आत या, साहेब," ती म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

चुलीशेजारी टोपली होती. दांडे, तुकडे, कोबीची टोकं. "हे उरतं. ते पुरवते. गावबिव काही नाही. रंगाऱ्याने चुकीचं ऐकलं आणि मी गप्प बसले." मग एका दमात, "पण सकाळचंच असतं हो. सहाला चिरलेलं. संध्याकाळी पातेलं घासून पालथं घालते, विचारा हवं तर यांना."

तपासनिसाने एक दांडा उचलला, मोडून पाहिला, नाकाशी नेला. पालथं पातेलं उलटून आत बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं. मग म्हणाला, "एक ताट वाढा."

मावशीने टोपलीतले तुकडे वाटण लावून शिजवले. वाढताना तिच्या हातून रस्सा टेबलावर सांडला. तो खात होता आणि ती त्याच्या जबड्याकडे बघत होती. जबड्यावरून काही कळेना. आवडलं की माणूस मान हलवतो, नावडलं की पाणी पितो. याने दोन्ही केलं नाही. ताट मात्र पुसून स्वच्छ केलं. मग कागद काढून बराच वेळ लिहिलं आणि तिच्यापुढे सरकवला. "वाचून सही करा."

चष्मेवाली नणंद भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. मावशीने बोट ठेवलं. ख-रे ना-व लि-हा-वे. आ-ठ दि-व-सां-त. घाम नाकावरून ओघळून कागदावर पडला, तो तिने अंगठ्याने पुसला, शाई जराशी पसरली. प-र-वा-ना. इथे बोट थांबलं. पुढचा शब्द लहान होता. 'रद्द'ही लहानच असतो.

"बाई?" तपासनीस म्हणाला.

तिने बोट पुढे ढकललं. चा. लू.

सही करून कागद देईस्तोवर ती उभी होती. तो फाटकाबाहेर पडला तशी मावशी पिठाच्या डब्यावर मटकन बसली.

"काय लिहिलंय गं?" नणंदेने अजून डोळे उघडले नव्हते.

"परवाना राहिला. फलकावर खरं लिहायचं म्हणतोय. उरलेल्या भाज्यांची भाजी."

"आणि ते वाचून येणार कोण जेवायला?"

"ते मला काय माहीत?" मावशीने सुरी शोधली. "चला, साडेदहाची गाडी येईल. कांदा घ्या."